पाटीवरचं ‘परवा’

आमच्या इमारतीला आठ मजले आणि लिफ्ट एकच. त्या लिफ्टमध्ये एक स्टूल, आणि त्या स्टुलावर चौतीस वर्षं एकच माणूस. त्याचं खरं नाव पगारपत्रकावर असेल तेवढंच. आम्ही सगळे त्याला वरखाली म्हणायचो आणि तोही खुशाल ओ द्यायचा. मी तळमजल्यावर टपालाच्या खिडकीत बसायचो. दिवसातून साठ वेळा तो माझ्यासमोर उगवायचा आणि साठ वेळा मावळायचा. एवढं तर मी घरच्या माणसांचंही तोंड पाहिलेलं नाही.

लिफ्ट जुनी, दांड्याची. जाळीचं दार हाताने ओढायचं, दांडा फिरवायचा आणि मजला आला की बरोबर फरशीला फरशी लावून थांबवायचं. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. एकदा तो दोन दिवस रजेवर गेला, तर बदलीच्या माणसाने लिफ्ट फरशीच्या वीतभर खाली थांबवली आणि पाचव्या मजल्यावरच्या हेडक्लार्कबाई चहाच्या ट्रेसकट माझ्या खिडकीपर्यंत ऐकू आल्या. वरखालीच्या हातून असं कधी झालं नाही. माणूस आत आला की वजनावरून त्याला कळायचं, किती आधी दांडा सोडायचा. सहाव्या मजल्यावरच्या साहेबांना तो सरळ सांगायचा, “साहेब, दिवाणखान्यात बसणं वाढलंय. लिफ्ट दोन बोटं खाली उतरायला लागलीय.” आणि कुणी नवखा आत शिरून घाईघाईने विचारायचा, “काय हो, वर चाललात का?” तर हा शांतपणे म्हणायचा, “चाललोय. पण मी परत येतो, घाबरू नका.”

अशा माणसाने निवृत्त झाल्यावर काय करावं? घरी बसावं, पेपर वाचावा, बायकोच्या कामात लुडबुड करावी. पण त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, त्या वेगळ्याच. त्यांनी आयुष्यात कधी साडीसाठी हट्ट केला नाही की दागिन्यासाठी. निवृत्तीच्या आदल्या महिन्यात मात्र म्हणाल्या, “अहो, चौतीस वर्षं तुम्ही वर-खाली केलंत, मी आत-बाहेर केलं. आता एकदा आडवं जाऊ या.”

“आडवं म्हणजे?”

“म्हणजे बोटीने. तुमच्या तिसऱ्या मजल्यावर चित्र लावलंय ना, तसल्या.”

तिसऱ्या मजल्यावर सहलींचं ऑफिस होतं. तिथल्या बाईंनी काचेला एका मोठ्या जहाजाचं चित्र चिकटवलेलं. वहिनी एकदाच, डबा द्यायला आल्या असताना, ते बघून गेल्या होत्या. वरखालीने फंडातले निम्म्याहून जास्त पैसे तिथे भरले. सात दिवस, दोन माणसं, अगदी खालच्या डेकवरची बिनखिडकीची खोली. माहितीपत्रक घेऊन तो माझ्याकडे आला तेव्हा मला वाटलं खूश असेल, तर हा तापलेला.

“बघ, बघ हे. सहा लिफ्ट आहेत बोटीत. आणि एकीतही माणूस नाही! लोक आपापले बटणं दाबून जातात म्हणे. मग बोट कोण चालवतं? तीही प्रवासीच?”

तो महिनाअखेरीला निवृत्त झाला. आम्ही हार घातला, सहाव्या मजल्यावरच्या साहेबांनी भाषण केलं. पुढच्याच आठवड्यात ती साथ आली आणि सगळं जग दार लावून बसलं. इमारतीने त्याच्या जागी माणूस नेमलाच नाही. चार बाय चारच्या पेटीत कोण कुणाबरोबर उभं राहणार? लिफ्टला कुलूप घातलं, आणि मी एकटा खाली, जिना चढून जाणाऱ्या दोन-चार माणसांच्या कपाळावर तापमापक धरायला.

बोटीचं पहिलं पत्र तेव्हा आलं. फेरी पुढे ढकलली आहे, गैरसोयीबद्दल दिलगिरी, आणि खाली दोन चौकोन. एका चौकोनात खूण केली तर पैसे परत, दुसऱ्यात केली तर पुढची तारीख, शिवाय त्याच पैशांत वरच्या डेकवरची खिडकीची खोली. वरखालीने पेन पहिल्या चौकोनावर नेलं. वहिनींनी त्याचं मनगट धरून दुसऱ्यावर आणलं. पाच महिन्यांनी दुसरं पत्र. पुन्हा ढकलली, पुन्हा दोन चौकोन, या वेळी आणखी वरची मोठी खोली. चार महिन्यांनी तिसरं पत्र, आठव्या डेकवरची, स्वतःची गॅलरी असलेली. घरात बसल्या बसल्या यांची खोली वर चढत होती! वरखाली फोनवर मला म्हणाला, “चौतीस वर्षांत मी कुणाला तळापासून आठवर इतक्या सावकाश नेलं नाही.”

त्या घरात तिसरं माणूस म्हणजे आक्का, त्याची थोरली बहीण. ती त्याची आक्का, पण आम्हीही तिला आक्काच म्हणायचो. नवरा गेल्यावर भावाकडे राहायला आलेली. जिभेची तिखट, पण वहिनींवर जीव. ती म्हणायची, “अगं, बोट अजून पाण्यावर आहे का ते तरी विचारा. गॅलरीच्या नादात तळाशी जाल.”

वहिनी म्हणायच्या, “वन्सं, तळाशी गेलो तर आधीची खोली आहेच की आपली.”

असं त्या घरातलं हसणं. वहिनींना बोटीचा नकाशा तोंडपाठ झाला होता. जेवणाचं दालन पाचव्यावर, पुस्तकं सातव्यावर, आठव्यावर गॅलरीत दोन वेताच्या खुर्च्या. त्यातली डावी त्यांची. हे सगळं ठरलेलं.

आता आक्काबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आक्का वीस वर्षं तारऑफिसात होती. तारेत शब्दाला पैसे पडतात. तिथे राहून तिची वाणी तशीच झाली, आणि लिहिणं तर त्याहून. स्वयंपाकघरात एक पाटी टांगलेली असायची, तिच्यावर ती सगळे निरोप लिहायची. ‘दूध नको.’ ‘इस्त्री सात.’ ‘डॉक्टर उद्या चार.’ तारीख ती कधीच लिहायची नाही. तारेवर तारीख शिक्क्याने पडते, हाताने लिहायची तिला वीस वर्षांत गरजच पडली नव्हती.

साथीच्या दुसऱ्या वर्षी वहिनींना ताप आला. तिसऱ्या दिवशी दम लागला, आणि सरकारी दवाखान्यात मोठ्या मिनतवारीने खाट मिळाली. आत कुणाला सोडत नव्हते. वरखालीने आपला मोबाईल वहिनींच्या उशाशी पाठवून दिला आणि स्वतः दवाखान्याच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सहा दिवस काढले. एकदा बाहेर गेलेल्या नातेवाइकाला परत आवारात घेत नसत, म्हणून हलला नाही. सहाव्या दिवशी डॉक्टरीणबाई त्या सगळ्या झग्यात बाहेर आल्या. तोंड दिसत नव्हतं, नुसता आवाज.

“काका, खाट लागणार आहे. चार दिवसांनी त्यांना घरी सोडू. पण घरी ऑक्सिजनचं मशीन हवं. फुप्फुसं फार खराब झालीत.”

“मशीन लावलं की बऱ्या होतील?”

“बऱ्या नाही म्हणणार मी. सहा महिने, आठ महिने निघतील. मशीन नसेल तर तेवढे नाही.”

मशीन मिळत होतं, पण विकत. भाड्याचं फार तर आठ दिवस, मागे रांग लागलेली. विकणाऱ्याने भलताच भाव सांगितला आणि वर एवढं म्हणाला, “बोटीचे पैसे परत येणार असतील तर त्या अर्जाची पोच दाखवा, मशीन आज घेऊन जा.” दुसरीकडून पैसे येण्याचा प्रश्नच नव्हता. आमच्यापैकी निम्म्यांचे पगार अर्ध्यावर आलेले, मी दिले ते औषधांत गेले. वहिनींना आठ महिने श्वास मिळायचा, तर बोटीच्या पहिल्या चौकोनात खूण करायची. एवढंच करायचं होतं त्याला.

त्याने शेडमधल्या कुणाच्या तरी फोनवरून तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना विचारलं होतं, अजून पैसे परत मागता येतील का. बाई म्हणाल्या होत्या, “मामा, कंपनी लवकरच ते बंद करणार, असं ऐकतेय. शेवटची तारीख कळली की तुमच्या घरच्या फोनवर सांगते.” मग मशीनची सोय करायला म्हणून तो सातव्या दिवशी दुपारी घरी आला, तर घराला बाहेरून कडी. शेजारणीने दाराच्या फटीतून सांगितलं, आक्काची तपासणी ‘हो’ निघाली, तासाभरापूर्वी गाडी येऊन विलगीकरणाच्या केंद्रात घेऊन गेली. फोन नाही, भेट नाही, चौदा दिवस.

तो आत गेला. स्वयंपाकघरातल्या पाटीवर आक्काचं अक्षर होतं.

‘बोट. पैसे मागायची मुदत परवा.’

आता बघा गंमत. आमच्या खेड्यातल्या शाळेत गुरुजींनी एका शनिवारी फळ्यावर लिहिलं होतं, ‘तपासणी साहेब परवा’, आणि स्वतः आजारी पडून घरी गेले. सोमवारी अर्धी शाळा नवे कपडे घालून आली आणि अर्धी रडत आली, साहेब येऊन गेले आणि आपण गैरहजर म्हणून. आपल्या भाषेत परवा पुढेही असतो आणि मागेही. तोंडाने बोलताना भानगड होत नाही, ‘गेली’ किंवा ‘आहे’ पाठोपाठ येतंच. पण शब्द वाचवायची सवय असलेल्या माणसाने लिहिलं की त्याची दोन तोंडं होतात. मुदत परवा होऊन गेली, की मुदत परवा आहे? आणि हे लिहिलं कधी? आज सकाळी, की तो शेडमध्ये असताना कधीतरी? तारीख नाही.

तो पाटीसमोर उभा असतानाच घरातला फोन वाजला. वहिनींचा, त्याच्याच मोबाईलवरून.

“अहो, घरी पोचलात? जेवलात का?”

“हो. हो.”

“अहो... एक विचारू? बोटीचं रद्द नाही ना केलंत? इथे सगळे सगळं रद्द करतायत. माझ्या शेजारच्या बाईंनी लेकीचं लग्न रद्द केलं. आपलं नाही ना?”

वरखाली पाटीकडे बघत होता.

“नाही. आणि आता करताही येत नाही. मुदत होऊन गेली म्हणे. पैसे अडकले ते अडकलेच. आता जावंच लागणार.”

पलीकडून वहिनी हसल्या. मास्कमधलं ते हसणं म्हणजे खोकल्याला शिंक लागावी तसं. “बरं झालं,” म्हणाल्या. “सुटले मी. इतके दिवस भीती वाटत होती, माझ्या औषधापायी तुम्ही ती मोडाल.”

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखा तळमजल्यावर बसलो होतो. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई जिन्याने वर गेल्या, संध्याकाळी खाली आल्या आणि म्हणाल्या, “वरखाली मामा आले नाहीत का हो? घरचा फोनही कुणी उचलत नाही.” मी म्हटलं, दवाखान्यात धावपळ असेल. त्याच्या पुढच्या दिवशीही त्या आल्या, मुदत संपेपर्यंत बसल्या, कुलूप लावून गेल्या. मुदतीबद्दल मला त्या बोलल्या नाहीत, आणि मीही खोदून विचारलं नाही. तेवढा दोष माझ्याकडेही लागतोच.

वहिनी चौथ्या दिवशी घरी आल्या. आठ दिवसांचं भाड्याचं मशीन आलं. नाकात नळी, कोपऱ्यात ते घरघरणारं खोकं, त्याच्या बाटलीत पाण्याचे बुडबुडे. वहिनी म्हणायच्या, “ऐका, बोटीचा सराव चाललाय.” त्या आठ दिवसांत त्यांनी बॅग भरायला काढली. पडल्या पडल्या सांगायच्या आणि वरखाली घड्या घालायचा. उन्हाची टोपी, वाऱ्यासाठी शाल, मळमळीच्या गोळ्या. मी दारातून डोकावलो तर मला म्हणाल्या, “भाऊजी, तुमच्यासाठी काय आणू? पाणी सोडून काहीही सांगा.” मी इतका हसलो की मास्क ओला झाला. नवव्या दिवशी एक माणूस येऊन मशीन घेऊन गेला. रांगेतल्या पुढच्या घरी.

त्यानंतर वहिनी बोलायच्या कमी, ऐकायच्या जास्त. वरखाली त्यांना उशांना टेकवून बसवायचा आणि नकाशा वाचून दाखवायचा.

आक्का पंधराव्या दिवशी केंद्रातून सुटून आली. दारातच तिने वहिनींकडे पाहिलं, रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिलं.

“मशीन कुठाय?”

“भाड्याचं होतं. गेलं.”

“भाड्याचं कशाला? बोटीचे पैसे मागितलेस ना?”

“मुदत गेली होती, आक्का.”

“कुठे गेली होती? गाडी यायच्या आधी दहा मिनिटं त्या बाईंचा फोन आला. चपला घालता घालता लिहिलं मी. दोन दिवस होते पुरते!”

आक्काने तिथल्या तिथे फोन लावला. बाईंनी सांगितलं, आता कंपनी पैसे देत नाही, फक्त पुढची तारीख देते. आक्काने फोन ठेवला आणि पाटीसमोर जाऊन उभी राहिली. शब्द अजून तसाच होता. कुणी पुसला नव्हता.

वहिनी त्यानंतर सहा दिवसांनी गेल्या. सकाळी, उजाडल्यावर. बॅग पलंगाखाली तशीच भरलेली.

आणि मग आक्काला जे लागलं ते बघवत नव्हतं. तिने घरात प्रत्येक गोष्टीवर तारीख लिहायला सुरुवात केली. दुधाच्या पिशवीवर, औषधाच्या डबीवर, साखरेच्या बरणीवर. वार, तारीख, महिना, साल. परवा हा शब्द तिने टाकूनच दिला. ‘येत्या मंगळवारी’, ‘गेल्या शुक्रवारी’ असं बोटं मोडून बोलायची. कोण भेटेल त्याला सांगायची, “एक शब्द वाचवला मी. ‘आहे’ लिहायला काय पैसे पडत होते?” लोक समजूत घालायचे. वरखाली मान खाली घालून बसायचा. सगळ्यांना वाटायचं, दुःखात आहे बिचारा.

दीड महिना असा गेला. एका दुपारी मी भाजी द्यायला गेलो होतो. आक्का मला आत बसवून तेच सांगत होती. “मी मारलं रे तिला. माझ्या आळसाने मारलं. तो तरी काय करणार, त्याने वाचलं ते खरं मानलं.”

वरखाली खिडकीपाशी होता. तिथूनच म्हणाला, “आक्का, पुरे.”

“काय पुरे? माझं चुकलंच की.”

“तुझं नाही चुकलं. मला दोन्ही दिसले होते.”

“काय दोन्ही?”

“दोन्ही परवा. पुढचा पण आणि मागचा पण. खडू ताजा होता, बोट लावलं तर पावडर आली. मला कळत होतं. खात्री करायची तर त्या बाईंना एक फोन करायचा होता, नाहीतर तीन मजले चढून जायचं होतं फक्त. तेवढ्यात तिचा फोन आला. मी मागचा घेतला. कारण तो घेतला की मला काही करावं लागत नव्हतं. तिला नाही म्हणावं लागत नव्हतं. नंतर दोन दिवस घरातला फोन वाजत होता. मी उचलला नाही.”

मी हातातली भाजीची पिशवी कुठे ठेवावी ते न कळून तशीच धरून बसलो.

आक्का म्हणाली, “तिला विचारलंस? मशीन हवं की बोट, असं तिला विचारलंस?”

“नाही.”

“आठ महिने होते ते तिचे.”

“हो.”

“बरं, ते तुझं आणि तिचं.” आक्काचा आवाज बारीक झाला. “पण मग हे दीड महिना मला का जाळलंस? मी रोज तुझ्यासमोर छाती बडवत होते. तू बघत होतास.”

चौतीस वर्षं ज्याने कुणाला मजल्याच्या अधेमध्ये उतरवलं नाही, त्याने सख्ख्या बहिणीला असं लटकवून ठेवलं होतं. आणि त्याचं कारण त्यालाही सांगता येत नव्हतं. मला विचाराल तर माझंही मत ठाम नाही. वहिनींचे ते बॅग भरण्याचे आठ दिवस मी डोळ्यांनी पाहिलेत. ते खोटे होते असं मला म्हणवत नाही. पण आठ महिने म्हणजे आठ महिने, हेही खरंच.

आक्का दुसऱ्या दिवशी आपल्या लेकीकडे गेली. वरखालीने पिशवी उचलायला हात पुढे केला तर तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

चार महिने ती आली नाही. तो एकटाच. शेगडीवर काहीतरी करपवायचा आणि तेच खायचा. पहिला महिना मी रोज डोकावायचो, मग दोन दिवसांआड, खोटं कशाला बोलू. बोटीच्या कंपनीचं आणखी एक पत्र आलं, त्याने न फोडता मला दिलं, म्हणाला ठेव तुझ्याकडे. अजून माझ्या कपाटात आहे.

मग एका गुरुवारी मी गेलो तर आक्का स्वयंपाकघरात. कुणी बोलावलं, कशी आली, काही विचारलं नाही मी. लेक सांगत होती म्हणे, की मामा फार वाळलाय. तेव्हापासून ती दर गुरुवारी येते, दोन दिवसांचं रांधून ठेवते आणि संध्याकाळी जाते. त्याच्याशी बोलत नाही. त्याला वाढते आणि समोर बसते, एवढंच. तोही खाली बघून जेवतो.

परवाच्या, म्हणजे गेल्या, गुरुवारी मलाही बसवलं होतं पानावर. आक्काने त्याच्या ताटात भाजी घातली. त्याने घास घेतल्यावर तिने विचारलं, आणि एवढ्या महिन्यांत मी तिला त्याच्याशी बोलताना पहिल्यांदाच ऐकलं.

“मीठ बरोबर आहे?”

“आहे, आहे. छान आहे.”

आक्का त्याच्याकडे बघत राहिली. ताटावरचा त्याचा हात थांबला.

“कमी आहे,” तो म्हणाला. “बरंच कमी आहे.”

आक्काने मिठाची वाटी त्याच्याकडे सरकवली.